फटफटीवरून तोरणमाळ

शिरपूर गावाबाहेर उत्तरेकडे तोंड करून उभे राहिले असता क्षितिजावर एक निळसर रेघ दिसते. पावसाळ्यात ती हिरवी होते, फाल्गुनात तांबूस होते आणि वैशाखाच्या धुळीत बुडून जवळजवळ नाहीशी होते. ही रेघ म्हणजे सातपुडा. शिरपूरच्या मुलांना नकाशा शिकविताना उत्तर दिशा निराळी दाखवावी लागत नाही. डोंगर ज्या अंगास ती उत्तर, एवढे सांगितले की पुरते. तथापि जन्मभर ही रेघ पाहणाऱ्यांपैकी तिच्यावर चढून गेलेली माणसे थोडीच. जवळचे तीर्थ नेहमी उद्यावर पडते, त्यातलाच हा प्रकार.

अलीकडे मात्र शनिवार-रविवारची सुट्टी साधून मोटारसायकलवरून, म्हणजे जुन्या बोलीत फटफटीवरून, डोंगरात जाण्याची हौस तरुण मंडळींत पुष्कळ वाढली आहे. हौस चांगली आहे. तिची टर उडविण्याचे काहीच कारण नाही. परंतु डोंगरातील रस्ता म्हणजे सपाटीवरचाच रस्ता तिरपा करून ठेवलेला, अशी जी समजूत असते ती मात्र खरी नव्हे. त्या रस्त्याचे नियम निराळे. ते का निराळे, हे एकदा नीट समजले म्हणजे हौसही पुरते आणि माणसेही धडपणे घरी परत येतात. शिरपूरहून तोरणमाळास जाणारी एक भावाबहिणीची जोडी डोळ्यांपुढे ठेवून या नियमांचा विचार करणे सोयीचे होईल.

जोडी भावाबहिणीचीच घेण्यास कारण आहे. खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा सासुरवाशिणींचा सण. त्या सणास लेकी माहेरी यावयाच्या, आणि त्यांना आणावयास भाऊ मुराळी होऊन जावयाचा. पूर्वी तो बैलगाडी जुंपून जाई. बहीण गाडीत बसे, भाऊ कासरे धरी, आणि घरी येईपर्यंत सासरच्या साऱ्या गोष्टी वाटेतच सांगून होत. आज मुराळ्याच्या हाती कासऱ्याऐवजी फटफटीची मूठ असते आणि बहीण त्याच्या पाठीशी बसलेली असते. वाहन बदलले, वेग वाढला. परंतु एकाने हाकावे व दुसऱ्याने विश्वासाने मागे बसावे, हा संबंध मात्र तोच राहिला.

तर समजा, बहीण थोरली, दिवाळीस माहेरी आलेली. भाऊ धाकटा, नुकताच नोकरीस लागलेला. भाऊबीज होऊन गेली आहे आणि बहिणीला सासरी परतण्यास अद्याप तीन दिवस आहेत. शनिवारी सकाळी निघावे, रात्र तोरणमाळास काढावी आणि रविवारी दिवस मावळण्यापूर्वी घरी यावे, असा बेत ठरतो. गाडी एक, साधी, १२५ सीसीची. चालविता दोघांनाही येते आणि परवानाही दोघांपाशी आहे.

निघण्यापूर्वीचा एक तास हा प्रवासाचाच भाग समजला पाहिजे. एरवी एकट्याने गावात फिरविण्याच्या गाडीवर आता दोन माणसे व थोडे सामान बसणार. म्हणून मागच्या चाकात हवा थोडी जास्त भरावी लागते. ती किती, हे गाडीच्या पुस्तिकेत किंवा साखळीच्या झाकणावर लिहिलेले असते. साखळी फार ढिली नाही ना, आणि फार ताठही नाही ना, हे पाहावे. ब्रेकचा दांडा दाबून पाहावा. तो मुठीपर्यंत येऊन टेकत असेल तर त्या गाडीने घाटाचे नावही काढू नये. शिरस्त्राण, म्हणजे हेल्मेट, दोघांनीही घालावयाचे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेच ते चालविणाऱ्यास तसे मागे बसणाऱ्यासही बंधनकारक केले आहे. कायदा बाजूस ठेवला तरी पडताना दगड हा पुढचे डोके आणि मागचे डोके असा भेद करीत नाही. सामान पाठीवरच्या पिशवीत न घेता बैठकीच्या मागे घट्ट बांधावे. ते जितके खाली आणि गाडीच्या मध्याजवळ, तितका गाडीचा तोल बरा राहतो.

शिरपूरहून बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्गाने पश्चिमेस शहादा, आणि तेथून उत्तरेस वळून तोरणमाळ, अशी वाट आहे. शहादा ते तोरणमाळ हे अंतर सुमारे पन्नास-पंचावन्न किलोमीटर. सारा प्रवास एका अंगाने शंभर ते सव्वाशे किलोमीटरांचा. तोरणमाळ हे नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यात येते. १ जुलै १९९८ पर्यंत हा सारा मुलूख धुळे जिल्ह्यातच मोडत असे आणि त्याहीपूर्वी पश्चिम खानदेश या नावाने ओळखला जाई. शहाद्यास पेट्रोल भरून घ्यावे हे उत्तम. पुढे डोंगरात पंप सापडेल या भरवशावर राहू नये, आणि मोबाईलच्या रेंजवर तर मुळीच राहू नये.

शहाद्यापर्यंतचा रस्ता सपाटीचा. उजव्या हातास डोंगर सोबतीला असतो आणि डाव्या हातास, दृष्टीआड, तापी. कार्तिकात या पट्टीत कापसाची वेचणी चाललेली असते; केळी, ऊस आणि पपई यांची हिरवी चौकटे मधून मधून लागतात. ही जमीन इतकी सुपीक का, याचे उत्तर डोंगरातच आहे. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात की नर्मदा आणि तापी या दोन नद्या जमिनीच्या दोन खचलेल्या लांबट पट्ट्यांतून वाहतात आणि त्या पट्ट्यांच्या मध्ये उंच राहिलेला भाग तो सातपुडा. म्हणूनच दक्षिणेतील बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे जात असता या दोघी पश्चिमेकडे जातात. तापी मध्यप्रदेशात मुलताईस उगम पावून सुमारे ७२४ किलोमीटर वाहते आणि सुरतेजवळ समुद्रास मिळते. डोंगर झिजत गेला, खचलेला पट्टा त्याच्या गाळाने भरत गेला, आणि त्या गाळावर आज खानदेश जेवतो.

डोंगराच्या अगदी पायथ्याशी मात्र हा गाळ बारीक नाही. तेथे दगडगोट्यांचा व भरड वाळूचा पट्टा आहे. वरून वेगाने येणारे पाणी सपाटीस लागताच मंदावते आणि आधी जड ओझे खाली टाकते. बाजारातून आलेला माणूस उंबऱ्याशी पोहोचताच आधी मोठी पिशवी खाली ठेवतो, तसेच हे. या पट्ट्यात पावसाचे पाणी झपाट्याने मुरते आणि खालच्या विहिरींस उपयोगी पडते. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली २००४ पासून नाले खोल व रुंद करून त्यांवर बंधारे बांधण्याचे जे काम झाले आणि ‘शिरपूर पॅटर्न’ या नावाने महाराष्ट्रभर गाजले, त्याचे सूत्रही हेच, की पाणी वाहून जाऊ न देता जमिनीत उतरवावे. सहलीस निघालेल्या माणसाने वाटेतील असा एखादा बंधारा थांबून पाहिला तर त्याचा वेळ वाया गेला असे होणार नाही.

शहाद्यास गोमाई नदी लागते. तेथे चहा घेऊन, पाय मोकळे करून, दोघे उत्तरेस वळतात; आणि थोड्याच वेळात इतका वेळ रेघ असलेला डोंगर भिंत होऊन पुढे उभा राहतो. शेते विरळ होतात, साग, पळस आणि सीताफळीची झुडपे सुरू होतात, आणि रस्ता पहिले वळण घेतो.

या डोंगराचा दगड काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वेळोवेळी वर आलेला लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि थिजला. पुढे या थरांच्या कडा झिजल्या, तेव्हा डोंगरास पायऱ्या पडल्यासारखे रूप आले. या खडकांना शास्त्रात ‘डेक्कन ट्रॅप’ असे नाव आहे, आणि त्यातील ट्रॅप हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. तोरणमाळाच्या घाटास ‘सात पायरी’ म्हणतात. दूरदेशीच्या पंडितांनी दिलेल्या नावात आणि डोंगरात रुळलेल्या नावात पायरी हाच शब्द यावा, यात मौज आहे.

आता प्रश्न असा की रस्ता इतकी वळणे का घेतो? सरळ वर गेला असता तर अंतर थोडे झाले नसते काय? झाले असते, परंतु चढ इतका उभा झाला असता की भरलेली गाडी तो चढूच शकली नसती. माथा तितकाच उंच आहे. रस्ता लांब केला म्हणजे प्रत्येक पावलास चढावयाची उंची कमी होते. माळ्यावर जाण्यास उभी शिडी आणि जिना यांत जो भेद, तोच येथे. घाट म्हणजे डोंगरास घातलेला जिना होय.

या जिन्यावर इंजिनापुढे दोन अडचणी एकदम येतात. पहिली, दोन माणसांचे ओझे वर उचलावयाचे. दुसरी, जसजसे वर जावे तसतशी हवा विरळ होते. तोरणमाळाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटर. तेथे हवा सुमारे दहा टक्के विरळ असते, आणि हवा कमी म्हणजे पेट्रोल जाळण्याची शक्तीही त्याच मानाने कमी. म्हणून चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी रेटीत राहू नये. इंजिन धापा टाकू लागण्यापूर्वीच खालचा गिअर घालावा. गाडी मंद चालते, आवाज जरा मोठा होतो, होऊ द्यावा. बैलही चढावर पावले आखूड टाकतो, आणि त्यास कोणी आळशी म्हणत नाही.

वळणाचा नियम याहून महत्त्वाचा. वेग दुप्पट केला असता वळणावर गाडीस बाहेर नेऊ पाहणारी ओढ दुप्पट होत नाही, ती चौपट होते. ताशी २० किलोमीटर वेगाने जे वळण खेळ वाटते तेच ४० च्या वेगाने संकट होते. शिवाय ४० च्या वेगाने गाडी एका सेकंदात अकरा मीटर जाते, आणि समोर काही दिसल्यापासून हात ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद सहज जातो. घाटातील वळणापलीकडे काय आहे हे तर दिसतच नाही. तेथे शेळ्यांचा कळप असेल, डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया असतील, माणसांनी ओसंडून भरलेली जीप असेल, किंवा पावसाळ्यात डोंगरावरून वाहून आलेली बारीक खडी असेल. ही खडी कार्तिकातही वळणांवर पडून राहते आणि चाकाखाली मोहऱ्यांसारखी घसरते. एतदर्थ वेग कमी करावयाचा तो वळणापूर्वी, वळणात नव्हे. वळणात शिरल्यावर घाबरून ब्रेक दाबणे म्हणजे तोल गेलेल्या माणसास आणखी एक धक्का देणे. डाव्या अंगास राहावे, भोंगा वाजवावा. आणि अरुंद जागी वरून उतरणाऱ्याने खालून चढणाऱ्यास आधी वाट द्यावी. हा नुसता शिष्टाचार नव्हे, रस्त्याच्या नियमांतच तसे सांगितले आहे. चढावर थांबलेली जड गाडी पुन्हा हलविणे कठीण, हे त्यामागचे कारण.

मागे बसलेल्या बहिणीकडे या साऱ्यात काही काम नाही, असे वाटेल. पण ते चूक आहे. दुचाकी वळते ती मुख्यतः कलण्याने. पुढचा डावीकडे कलला आणि मागचा भिऊन उजवीकडे कलला, तर गाडी दोन मनांची होते. मागच्याने पुढच्याबरोबर कलावे, पाय पायटीवरून काढू नयेत, एकाएकी हालचाल करू नये. आणि त्याने पाहत राहावे. पुढच्याची नजर रस्त्याच्या खडीवर खिळलेली असता मागच्यास दरीपलीकडून उतरणारी जीप आधी दिसू शकते. हेल्मेटांतून बोलणे ऐकू जात नाही, म्हणून निघतानाच खुणा ठरवून ठेवाव्यात. खांद्यावर एक थाप म्हणजे सावकाश. दोन थापा म्हणजे थांब. येथे भावंडांची जोडी कामास येते. मित्राच्या मागे बसलेला मनुष्य भिऊनही भिडेपायी गप्प राहतो. मित्र आपल्यास भित्रा म्हणेल, ही त्याची भीती दरीच्या भीतीहून मोठी असते. बहिणीस ही भीड नसते. तिने धाकट्यास पाळण्यापासून पाहिलेले असते. ती थाप मारते, आणि त्याला ती ऐकावी लागते.

असे करीत दोघे माथ्यावर येतात तेव्हा पहिली गोष्ट कळते ती अंगास. हवेत उंचीच्या दर हजार मीटरांमागे साधारण सहा अंशांचा फरक पडतो. खाली शहाद्यास घाम आलेला असतो, आणि येथे बहीण शाल शोधू लागते. कार्तिकातील रात्री तर एका शालीने भागत नाही.

तोरणमाळ हे एक विस्तीर्ण पठार आहे. मध्ये यशवंत तलाव, डोंगराच्या ओंजळीत ठेवल्यासारखा. जवळच कमळांचा लहान तलाव. गोरक्षनाथाचे मंदिर येथे आहे आणि महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. डोंगरात मच्छिंद्रनाथाची गुहाही दाखवितात. पठाराची कड जेथे एकदम तुटते तेथे सीताखाई. काठावर उभे राहिले असता समोर काळ्या पाषाणाचे थर एकावर एक रचलेले स्पष्ट दिसतात, आणि पायऱ्यांची जी गोष्ट वर सांगितली ती येथे डोळ्यांना पटते. पावसाळ्यात येथून धबधबा कोसळतो. कार्तिकात त्याची धार बारीक झालेली असते, पण दरी स्वच्छ दिसते. या रांगेच्या दक्षिण अंगास पडलेला पाऊस तापीस जातो आणि उत्तर अंगास पडलेला नर्मदेस. एकीचे मुख सुरतेजवळ, दुसरीचे भडोचजवळ. एकाच ढगातून उतरलेले दोन थेंब असे दोन सासरी जातात, आणि शेवटी दोघेही एकाच समुद्रास मिळतात.

हा मुलूख पावरा आणि भिल्ल लोकांचा आहे. त्यांची घरे गावठाणात दाटीने नसून ज्याच्या त्याच्या शेताजवळ, टेकडीटेकडीवर विखुरलेली असतात. अशा वस्तीस पाडा म्हणतात. उन्हाळ्यात मोहाची फुले वेचावी, रानआंब्याच्या कैऱ्या चिरून वाळवून आमचूर करावा, पावसाळ्यानंतर सीताफळे उतरवावीत, असा त्यांच्या वर्षाचा क्रम. वाटेत टोपली घेऊन बसलेल्या बाईकडून सीताफळे घ्यावीत आणि तिने सांगितलेली किंमत द्यावी. शहरात दुकानदाराशी निमूट वागणारी माणसे डोंगरात येऊन दोन रुपयांसाठी घासाघीस करतात, हे शोभत नाही. कोणाचे छायाचित्र घ्यावयाचे तर आधी विचारावे. पाहुणा म्हणून आल्यावर पाहुण्याच्या रीतीने वागावे. यजमानाच्या अंगणात बाटल्या आणि कागद टाकून जाऊ नये.

रविवारी सकाळी तलावावरील धुके विरले की परतीची तयारी होते, आणि येथेच या विषयाचा मर्मभाग येतो. चढताना परीक्षा गाडीची असते. उतरताना ती माणसाची असते. उतरताना इंजिन धापा टाकीत नाही, गाडी आपोआप धावते, वारा गोड लागतो, आणि सारे सोपे झाले असे वाटते. घाटात पुष्कळांचा घात हे सोपेपणच करते.

भाऊ म्हणतो, “ताई, आता इंजिन बंद करून नुसती सोडून देऊ. खालपर्यंत थेंबभर पेट्रोल लागणार नाही. बाबा असेच उतरायचे.”

बहीण म्हणते, “बाबांची राजदूत होती. ही राजदूत नाही. दे इकडे किल्ली, उतार मी चालवते.”

या दोन वाक्यांत पुष्कळ शास्त्र आहे. राजदूत, येझदी यांसारख्या जुन्या गाड्यांची इंजिने दोन-स्ट्रोक जातीची. त्यांत इंजिनास लागणारे वंगण पेट्रोलातच मिसळून घालीत. लांब उतारावर मूठ बंद ठेवून गाडी गिअरमध्ये राहिली की इंजिन फिरत राही, पण पेट्रोल कमी आल्याने वंगणही कमी येई, आणि आतले भाग तापण्याचे भय असे. म्हणून त्या काळचे स्वार उतारावर मधून मधून क्लच दाबून इंजिन मोकळे करीत. त्या सवयीस तेव्हा काही आधार होता. गाड्या गेल्या, आधार गेला, सवय मात्र वडिलांकडून मुलाकडे आली. आजच्या चार-स्ट्रोक इंजिनात वंगण निराळे खेळते; त्यास ही भीती नाही.

पेट्रोलाचे म्हणाल तर तोही हिशेब आता उलटला आहे. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे कडक निकष लागू झाल्यावर बहुतेक नव्या मोटारसायकलींत पेट्रोल मोजून सोडणारी इंजेक्शनची योजना आली. गाडी गिअरमध्ये ठेवून मूठ पूर्ण बंद केली असता अशा बहुतेक गाड्यांत पेट्रोल जवळजवळ थांबते. चाकेच इंजिनास फिरवितात. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून उतरले तर त्यास जिवंत ठेवण्यापुरते पेट्रोल द्यावेच लागते. म्हणजे न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचत नाही. वाचतो म्हणावयाचा तर केवळ गिअर घालण्याचा श्रम. आणि इंजिनच बंद केले, तर दोन पैशांचे पेट्रोल वाचते खरे, पण सर्वांत भरवशाचा ब्रेक हातचा जातो.

हा ब्रेक कोणता? तर खुद्द इंजिन. याचे महत्त्व कळण्यास थोडे गणित पुरे. गाडी, दोन माणसे आणि सामान मिळून वजन सुमारे २६५ किलो धरू. हे ओझे हजार मीटर वर नेताना जी शक्ती खर्ची पडली ती कोठे नाहीशी झाली नाही. ती उंचीच्या रूपाने गाडीपाशी जमा आहे. खाली येताना ती बाहेर पडणार. ब्रेक लावला की तिची उष्णता होते. ही उष्णता किती? साध्या गरम-थंड नसलेल्या पाण्याचे सुमारे आठ लिटर उकळीस आणण्याइतकी. घाट उतरताना सारा भार ब्रेकवर टाकणे म्हणजे हाताच्या तळव्याएवढ्या लोखंडाखाली आठ लिटर पाण्याचा जाळ घालणे होय. तापलेल्या ब्रेकचे अस्तर पकड सोडते, तापलेल्या ब्रेक-तेलात बुडबुडे धरतात, आणि दांडा दाबला तरी हातास पोकळ लागतो. गाडी खालच्या गिअरमध्ये असली म्हणजे या भाराचा मोठा वाटा इंजिन आपल्याकडे घेते. ते फिरताना अडते, आणि ब्रेक थंड राहून गरजेच्या क्षणी उपयोगी पडतो. ज्या गिअरमध्ये चढावे त्याच गिअरमध्ये उतरावे, या जुन्या चालकांच्या नियमाचा अर्थ एवढाच. ब्रेकही सतत दाबून ठेवू नये. वळणापूर्वी नेमका दाबावा आणि सोडावा. २०१९ पासून लहान नव्या गाड्यांत दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची सोय सक्तीची झाली आहे, मोठ्यांत चाक न अडकू देणारी. परंतु सोय म्हणजे अभय नव्हे.

दुचाकीचे हे गणित ट्रकास लावून पाहिले म्हणजे अंगावर काटा येतो. चाळीस टनांच्या ट्रकास उताराच्या दर शंभर मीटर उंचीमागे सव्वाशे लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता पोटात घ्यावी लागते. शिरपूरच्या उत्तरेस मुंबई-आग्रा महामार्ग याच सातपुड्यास बिजासन घाटाने ओलांडतो आणि पळासनेराजवळ सपाटीस लागतो. ४ जुलै २०२३ रोजी मध्यप्रदेशाकडून येणारा एक भरलेला ट्रक ब्रेक निकामी होऊन पळासनेरास वाहनांवर आदळला आणि रस्त्याकडेच्या हॉटेलात शिरला. किमान दहा माणसे प्राणास मुकली. त्यांत घाट उतरणारे थोडे. बरीचशी नुसती रस्त्याकडेस उभी किंवा बसलेली होती. शिरपूर तालुक्यात हा दिवस विसरला गेलेला नाही. दुचाकीस्वाराने त्यातून एवढे घ्यावे की लांब उतारावर भरलेल्या ट्रकाच्या पुढे रेंगाळू नये, त्यास वाट द्यावी. आणि विसाव्यास थांबावयाचे तर उतार जेथे सरळ येऊन संपतो तेथे, रस्त्यास लागून, थांबू नये. थोडे पुढे जाऊन, आडोशास थांबावे. चहा तेथेही मिळतो.

तर बहीण गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकते आणि सात पायरीचा घाट उतरू लागते. भाऊ आता मागे आहे. पहिल्या दोन वळणांवर त्यास फार सावकाश वाटते. तिसऱ्या वळणावर खडीवरून चाक किंचित सरकते आणि त्याचा हात आपोआप बहिणीच्या खांद्यावर पडतो: एक थाप. बहीण वेग आणखी उतरवते. अर्ध्या घाटात दोघे थांबतात, गाडी डोंगराच्या अंगास उभी करतात आणि पंधरा मिनिटे ब्रेक थंड होऊ देतात. तेवढ्यात सीताफळ खाऊन होते, सासरची एक गोष्ट सांगून होते, आणि खाली पसरलेले खोरे पाहून होते. येथून पाहता सपाटीवरची गावे झाडांच्या पुंजक्यांएवढी दिसतात.

काळोख पडल्यावर घाटात असू नये, हा शेवटचा नियम. कार्तिकात सहाच्या सुमारास दिवस मावळतो. म्हणून दुपारी जेवून लगेच निघणारा मनुष्य शहाद्यास उजेडी पोहोचतो आणि शिरपुरास दिवेलागणीपूर्वी. शहाद्यापासून गाडी पुन्हा भावाकडे येते. घरी आई ओट्यावर उभी असते. “कसा काय होता डोंगर?” असे ती विचारते, पण तिचे लक्ष उत्तराकडे नसते, दोघे गाडीवरून धडपणे उतरतात की नाही, इकडे असते.

दोन दिवसांनी भाऊ बहिणीला सासरी पोहोचवावयास निघतो. रस्ता दक्षिणेचा, सपाटीचा. डोंगर आता पाठीशी आणि पुन्हा निळी रेघ झालेला. वाटेत एक लहानसा उतार लागतो, जेथे तो रोज गाडी न्यूट्रलमध्ये सोडून देत असे. आज तो गिअर काढीत नाही. बहीण मागून काही बोलत नाही, आणि तिचा हातही खांद्यावर पडत नाही.